त्या घरात बाई कोण होती?

आयर्लंड सोडून परदेशी गेलेल्या घरांत कधीकधी एखाद्या पत्रावरचा गावाकडचा पत्ता तेवढा उरतो. पूर्वज शोधायला तो पुष्कळ आहे. १८४७ ते १८६४ या काळातल्या ग्रिफिथच्या करआकारणीत गावोगावची घरं-जमिनी कुळांच्या नावाने नोंदल्या आहेत. पण नाव कर्त्या पुरुषाचं. बाई दिसते ती बहुधा विधवा झाल्यावर.

१९२२ साली डब्लिनचं अभिलेखागार जळालं, त्यात जुन्या जनगणनांचे पुष्कळ कागद गेले. १९०१ आणि १९११ चे शाबूत आहेत, आज घरबसल्या फुकट पाहता येतात. १९११ च्या फॉर्मवर लग्न झालेल्या बाईसाठी प्रश्न होते : लग्नाला किती वर्षं झाली? मुलं किती झाली? त्यातली हयात किती? सात झाली आणि चार हयात असं लिहिलेलं असेल, तर तीन तिने गमावली.

तिचं माहेरचं नाव मात्र तिथेही नाही. ते मिळतं १८६४ पासूनच्या जन्मनोंदींत, आईच्या रकान्यात. तिथे पत्ता जुळवून पाहायचा.

लग्नात नाव हरवणं आपल्याला काही नवं नाही. म्हणून म्हणते, बापाच्या नावाशी थांबू नका. पत्ता हाती धरा आणि विचारा, त्या घरात बाई कोण होती?