शाळेला टॅब की लॅपटॉप?



आपल्या बॅचच्या वर्गणीतून शाळेला टॅब द्यायचे की हलके लॅपटॉप, यावर ग्रुपवर बरीच खडाजंगी झाली. ‘ॲप काय, कशावरही चालतात, स्वस्त ते घ्या,’ असं काहींचं म्हणणं. विंडोज ११ वर अँड्रॉइड ॲप चालवायची सोय २०२१ मध्ये चाचणीसाठी आली आणि मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंदही केली. क्रोमबुकवर प्ले स्टोअर मिळतं, पण फोनसाठी बनवलेलं ॲप तिथे कधीकधी चिंचोळ्या चौकटीतच उघडतं.

धाकट्यांना टॅब उत्तम, बोटाने अक्षर गिरवता येतं. नववी-दहावीच्या मुलांना मात्र निबंध टाईप करायला खरा कीबोर्ड हवा. मराठीचा इनस्क्रिप्ट विंडोजमध्ये असतोच. त्यात ‘क्ष’ लिहायचा तर क, हलन्त, ष अशी फोड करता येते. (बाई, तुम्ही फळ्यावर करून दाखवायचात तशीच!)

म्हणून सगळे पैसे एकदम खर्चायला माझा विरोध आहे. आधी एक टॅब आणि एक लॅपटॉप महिनाभर शाळेत ठेवू. ‘दीक्षा’सारखी ॲप शाळेच्याच इंटरनेटवर उघडून बघू. मुलं कशावर जास्त काम करतात, ते सर-बाई आपल्याला सांगतील. त्यानंतर उरलेली खरेदी.