हाडातला मासा, मडक्यातला मासा



डेन्मार्कच्या झीलंड बेटावर, वायव्येच्या अंगाला, ड्रॅग्सहोम नावाचा एक जुना वाडा आहे. १९७३ साली त्या परिसरात दोन कबरी सापडल्या. एकीत दोन स्त्रिया होत्या, त्यांच्या अंगावर गेरूचा तांबडा थर आणि हरणाच्या दातांचे मणी. जेमतेम दोन-तीन मीटरवर दुसरी कबर होती, एका तरुण पुरुषाची. त्याच्यासोबत तृणमण्यांचे दागिने, गारगोटीची बाणाग्रं आणि मातीचं एक भांडं ठेवलेलं होतं. इतक्या जवळ पुरलेली माणसं एकाच वस्तीतली, निदान एकाच काळातली असतील, असं कुणालाही वाटेल. पण त्यांचा काळ एक नव्हता आणि त्यांचं जेवणही एक नव्हतं. त्या स्त्रिया समुद्रावर जगल्या होत्या आणि तो पुरुष जमिनीवर पिकणाऱ्या, चरणाऱ्या अन्नावर.

शेती आली तेव्हा उत्तर युरोपातल्या समुद्रकाठच्या माणसांनी मासे खाणं सोडून दिलं का, हा प्रश्न पुरातत्त्वात गेली चाळीसेक वर्षं गाजतो आहे. आज मी त्याच्याविषयीच बोलणार आहे.

या शोधाची सुरुवात उकिरड्यापासून झाली. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर कालवांच्या शिंपल्यांचे प्रचंड ढीग आहेत. ते समुद्रानेच लाटांबरोबर आणून टाकले असावेत, असा एक समज होता. १८४८ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीने याचा छडा लावण्यासाठी तिघांची समिती नेमली. जापेटस स्टेनस्ट्रुप हे प्राणिशास्त्रज्ञ, योहान फॉर्चहॅमर भूशास्त्रज्ञ आणि येन्स वोर्साए पुरातत्त्वज्ञ. शिंपल्यांच्या मधोमध त्यांना चुलींची राख, दगडी हत्यारं आणि प्राण्यांची फोडलेली हाडं मिळाली, आणि हा माणसांच्या जेवणाचा कचरा आहे असा निर्वाळा त्यांनी दिला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी तीन शास्त्रांची माणसं एका ढिगाभोवती एकत्र आली, हे मला त्या निर्वाळ्याइतकंच मोलाचं वाटतं. लिमफ्योर्डच्या काठावरचा एर्टेबोल इथला ढीग तर सुमारे १४० मीटर लांब आहे. त्याच्यावरून हे ढीग रचणाऱ्या माणसांच्या संस्कृतीलाच एर्टेबोल हे नाव मिळालं.

पण उकिरडा काय सांगतो? इथे कालवं खाल्ली गेली, एवढंच. एका माणसाच्या जन्मभराच्या खाण्यात समुद्राचा वाटा किती होता, हे त्यातून कळत नाही. ते कळतं हाडांतून.

आपण खातो त्या अन्नातल्या प्रथिनांपासून हाडातलं कोलॅजेन बनतं. अन्नातल्या कार्बनमध्ये एक नेहमीचा, हलका कार्बन असतो, आणि अगदी थोडा जड कार्बन, कार्बन-१३. समुद्रातल्या अन्नात हा जड कार्बन जमिनीवरच्या अन्नापेक्षा अधिक असतो. शास्त्रज्ञ तो एका ठरावीक नमुन्याशी ताडून मोजतात. उत्तर युरोपात धान्य, मांस, दूध यांवर जगलेल्या माणसाच्या हाडात तो आकडा दर हजारी उणे २० च्या आसपास येतो, आणि जवळजवळ सगळं समुद्रातलंच खाणाऱ्याच्या हाडात उणे १२ च्या आसपास. कोलॅजेन सावकाश बदलत असल्यामुळे या आकड्यात एखाद्या मेजवानीचा नव्हे, तर मरणापूर्वीच्या बऱ्याच वर्षांच्या रोजच्या खाण्याचा हिशेब असतो.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. ही मोजणी महाराष्ट्रात इतक्या सरळपणे चालणार नाही. ज्वारी आणि बाजरी ही पिकं हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीने घेतात आणि त्यांच्यातही जड कार्बन अधिक असतो. त्यामुळे जन्मभर भाकरी खाल्लेल्या देशावरच्या माणसाचं हाड नुसत्या कार्बनच्या आकड्यावर मासे खाणाऱ्याच्या हाडासारखं भासू शकतं. मग नायट्रोजनही मोजून दोघांत फरक करावा लागतो. अश्मयुगीन डेन्मार्कमध्ये असलं धान्य नव्हतं, म्हणून तिथे उत्तर स्वच्छ मिळालं.

ते मिळवलं कोपनहेगनच्या हेन्रिक टाऊबर यांनी. १९८१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी दाखवलं, की शेतीपूर्वीच्या डॅनिश माणसांच्या हाडांतले आकडे ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या जवळपास जातात आणि शेती आल्यानंतरच्या माणसांचे आकडे थेट जमिनीकडे वळतात. हा बदल इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमाराचा. २००३ मध्ये मायकेल रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ब्रिटनच्या हाडांतही असाच झटक्यात झालेला बदल दिसला.

ड्रॅग्सहोमच्या कबरींचा काळही याच मोजणीमुळे नीट लागला. समुद्रातला कार्बन जुना असतो. त्यामुळे मासे खाणाऱ्याच्या हाडाचं वय कार्बन-१४ ने काढलं, तर ते साधारण ४०० वर्षांनी जास्त निघतं आणि तेवढी वजावट करावी लागते. पहिल्या मोजणीत त्या स्त्रिया आणि तो पुरुष यांच्यात फारसं अंतर दिसत नव्हतं. पुढे नव्याने मोजणी झाली, माशांची वजावटही केली, तेव्हा स्त्रिया सुमारे हजार वर्षांनी जुन्या निघाल्या.

प्रश्न सुटला असं वाटत होतं. पण २००४ मध्ये निकी मिल्नर, ऑलिव्हर क्रेग आणि इतरांनी रास्त आक्षेप घेतला. शेतीच्या काळातही किनाऱ्यावरच्या उकिरड्यांत शिंपले आणि माशांची हाडं पडतच होती, मग ती खाल्ली कुणी? शिवाय प्रथिनांमध्ये माशांचा वाटा थोडासाच असेल, तर हाडात तो उमटतही नाही. आठवड्यातून एकदा मासे खाणारा माणूस या हिशेबात शाकाहारी शेजाऱ्यापासून ओळखू येणार नाही.

म्हणून क्रेग मडक्यांकडे वळले. कोकणात माशाच्या कालवणाचं मातीचं भांडं वेगळं ठेवतात, कारण कितीही घासलं तरी त्याचा वास जात नाही. जिल्हई नसलेली माती चरबी पिऊन घेते, आणि सहा हजार वर्षांपूर्वीचं मडकंही त्याला अपवाद नाही. प्रयोगशाळेत खापराच्या आतल्या बाजूने चिमूटभर भुकटी कोरून काढतात आणि त्यातली स्निग्धाम्लं एकेक करून वेगळी करतात. माशांचं तेल कडक आचेवर तापलं, की त्यातून काही खास, टिकाऊ रेणू तयार होतात. दुधातून किंवा गाईगुरांच्या चरबीतून ते त्या रूपात येत नाहीत. म्हणजे ते सापडले, तर मासा त्या भांड्यात नुसता ठेवला नव्हता, शिजवला होता, हे कळतं.

क्रेग आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बाल्टिकच्या भागातली १३३ मडकी तपासून २०११ मध्ये निष्कर्ष मांडला. शेती आल्यानंतरही किनाऱ्यावरच्या मडक्यांपैकी सुमारे एक पंचमांशात जलचरांच्या खुणा होत्या. दूध आलं, गुरं आली, तरी मासा चुलीवरून उतरला नव्हता. ब्रिटनमध्ये मात्र मडक्यांनीही हाडांनाच दुजोरा दिला. ल्युसी क्रॅम्प आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की तिथल्या आद्य शेतकऱ्यांच्या मडक्यांत दूध भरपूर आहे आणि मासा जवळजवळ नाहीच. दोन्ही समुद्र मासळीने भरलेले, पण लोकांनी वेगवेगळी निवड केली.

मला सगळ्यात भावलेला पुरावा मात्र सूक्ष्मदर्शकाखालचा आहे. हेली सॉल आणि सहकाऱ्यांनी डेन्मार्क-जर्मनीतल्या अशाच मडक्यांच्या आत करपून चिकटलेला थर तपासला. त्यात त्यांना लसूण-मोहरी नावाच्या रानवनस्पतीच्या बियांचे वाळूसारखे सूक्ष्म कण मिळाले, आणि सोबत मासे व मांस यांच्या चरबीच्या खुणा. त्या बियांनी पोट भरत नाही, त्या तिखट चवीसाठीच घालायच्या. तेव्हा त्या काळी कुणीतरी चवीचा विचार करून रस्सा करत होतं, हे निश्चित.

२०२४ मध्ये डेन्मार्कच्या १०० प्राचीन सांगाड्यांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले. शेतीबरोबर तिथे बहुतांश माणसंच नवी आली, असं त्यातून दिसलं. पण ड्रॅग्सहोमचा तो तरुण निघाला जुन्या शिकारी वंशाचा. रक्त जुनं आणि जेवण शेतकऱ्याचं. उलट किनाऱ्यावर, लोकसंख्या बदलून गेल्यावरही, मडक्यांत मासा शिजतच राहिला. माणसाच्या वंशावरून त्याच्या ताटात काय असेल हे सांगता येत नाही, असं या पुराव्यांकडे पाहून मी ठामपणे म्हणेन. नुसत्या हाडांवर किंवा नुसत्या खापरांवर विसंबलो असतो, तर आपण फसलो असतो.

किनारपट्टीवरच्या श्रोत्यांना जाता जाता एक विनंती. विहीर खणताना, घराचा पाया काढताना शिंपल्यांचा जाड थर आणि त्यात जुनी खापरं लागली, तर काम थोडं थांबवा आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. ती खापरं जागची हलवू नका, आणि कृपा करून धुऊ तर मुळीच नका. आतला काळा, करपलेला थर आपल्याला घाण वाटतो, पण तपासायचा असतो तो नेमका तोच.