लेथ सुरू होण्याआधीच पेन बिघडतं

आज पाहुणे नाहीत, मी एकटाच आहे. विषय आहे लाकडी पेन. दुकानातून आणलेलं नव्हे, स्वतः लेथवर कातलेलं. मागे एकदा बोलता बोलता मी या छंदाचा उल्लेख केला होता, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, ‘हे नवशिक्याला जमतं का? सुरुवात कुठून करायची?’ तर आज तेच. पण आधी माझी फजिती ऐका, कारण शिकण्यासारखं सगळं तिच्यातच आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकलं, आठवतंय ना? त्या दिवशी माझ्या आजोळच्या अंगणातला फणस मुळासकट आडवा झाला. लाकूड बरंचसं सरपणात गेलं. मामानं एक फळी तेवढी माळ्यावर टाकून ठेवली होती. पुढे मला लेथचं वेड लागलं, तेव्हा त्यानं ती माझ्या हातात दिली. मोजून सहा पेनांचं लाकूड. एक आजीला, एक मामाला, बाकी भावंडांना, असं मी मनात वाटूनही टाकलं.

आणि मग मी काय केलं? चार व्हिडिओ बघितले आणि आयुष्यातलं पहिलं पेन थेट त्या फणसाचं करायला घेतलं. लेथ सुरू, पटाशी लावली आणि फाट्! लाकडाची चीर उडाली ती सरळ तोंडावर. फेस शील्ड होती म्हणून डोळा वाचला. दुसऱ्या तुकड्याचंही तेच झालं. सहाचे चार उरले, आणि तो फणस काही परत उगवणार नव्हता.

मला वाटलं, माझा हात कच्चा. आमच्या भागात सोफ्याचे, पलंगाचे पाय कातून देणारे एक काका आहेत. त्यांना तुटके तुकडे दाखवले. त्यांनी एक तुकडा उलटा करून आत बघितलं आणि म्हणाले, “हे लेथवर नाही मोडलं. तू लावलंस तेव्हाच ते मोडलेलं होतं.” आतल्या पितळी नळीला गोंद फक्त एका बाजूनं लागलेला होता. दुसरी बाजू पोकळ. पटाशी तिथे पोचली आणि लाकडाला आतून आधारच नव्हता.

आजचा मुद्दा हाच. नवशिक्याचं पेन बहुतेक वेळा लेथ सुरू होण्याआधीच बिघडलेलं असतं. लेथ फक्त ते उघड करतो.

आता नीट क्रमानं सांगतो. आपण घेऊ ‘स्लिमलाइन’ प्रकारचं पेन, फिरवून उघडणारं. याच्या किटमध्ये दोन पितळी नळ्या, टोक, क्लिप, फिरकी आणि रिफिल मिळते. लाकूड आपलं. साधारण १९ मिलिमीटर चौकोनी आणि १२ ते १३ सेंटिमीटर लांब दांडी पुरते.

पहिली गोष्ट, लाकूड वाळलेलं हवं. ओल्या लाकडाचं पेन कराल, तर ते पुढे आकसतं, आतली पितळी नळी आकसत नाही, आणि पेनला तडा जातो. फळी वाळायला साधारण इंचाला एक वर्ष, हा जुना हिशोब धरून चाला.

दुसरी गोष्ट, कापण्याआधी दांडीच्या मध्यावर पेन्सिलनं खूण करा. दोन तुकडे झाल्यावर कुठलं टोक कुठे होतं ते कळलं पाहिजे. नाहीतर वरच्या भागातल्या रेषा एकीकडे आणि खालच्या दुसरीकडे दिसतात.

तिसरी गोष्ट, भोक. या किटला ७ मिलिमीटरचं ड्रिल लागतं. इथे घाई नको. थोडं आत जा, ड्रिल बाहेर काढा, भुसा झटका, पुन्हा आत जा. भुसा अडकला की लाकूड तापतं आणि चिरतं. दुसऱ्या टोकातून ड्रिल बाहेर पडताना तिथलं लाकूड हमखास फुटतं. म्हणून तुकडा थोडा लांब ठेवा, भोक आरपार पाडू नका, आणि मग ते टोक करवतीनं कापा. भोक आपोआप उघडं होतं.

चौथी गोष्ट, माझी चूक. नळी आधी पॉलिश पेपरनं घासा. गुळगुळीत पितळेला गोंद धरत नाही. मग नळीला सगळीकडून गोंद लावा आणि गोल गोल फिरवत, मागेपुढे करत आत सरकवा. सुपरग्लू चालतो, पण तो मध्येच पकडतो आणि नळी अर्ध्यात अडकते. नवीन असाल तर इपॉक्सी घ्या आणि रात्रभर ठेवा. सागासारखं तेलकट लाकूड असेल, तर भोक आधी ॲसिटोननं पुसून घ्या.

पाचवी गोष्ट, टोकं अगदी सपाट करा, पितळ दिसेपर्यंत. त्यासाठी बॅरल ट्रिमर नावाचं छोटं हत्यार मिळतं. टोक तिरकं राहिलं, तर जोडताना सांध्यात फट दिसते, आणि ती नंतर कशानंही भरत नाही.

बघा, पाच पायऱ्या झाल्या आणि आपण अजून लेथचं बटण दाबलेलं नाही!

आता लेथ. तुकडे मँड्रेलवर, म्हणजे लांब सळईवर, चढवायचे आणि मध्ये बुशिंग घालायची. बुशिंगची जाडी म्हणजे पेनच्या टोकांची अखेरची जाडी. मागचा आधार फार आवळू नका. सळई किंचित वाकते आणि पेन गोल होण्याऐवजी अंडाकृती होतं. टूल रेस्ट लाकडाच्या जवळ आणा आणि सुरू करण्याआधी हातानं एक पूर्ण फेरा मारून बघा, कुठे घासत तर नाही ना.

चौकोनी कडा उतरवताना मी मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांवर ठेवतो, गोल झालं की दोन हजारांच्या पुढे नेतो. पटाशी आधी रेस्टवर टेकवायची. मग तिची मागची उतरती बाजू लाकडाला नुसती लागू द्यायची. मग मूठ हळूहळू वर उचलायची, म्हणजे धार लाकडाला भेटते. उलट क्रमानं गेलात, धार आधी लावलीत, की पटाशी गचकन आत घुसते. आणि धार महत्त्वाची. बोथट पटाशीला आपण जोर लावतो आणि जोर लावला की लाकूड फाटतं. काका म्हणतात, “ढकलायचं नाही रे, लाकूड आपणहून येतंय.”

आपल्या भाषेत ‘कातीव’ शब्द आहे ना? कातीव खांब, कातीव बांधा. तो इथूनच आला. कातारी म्हणजे लेथवर काम करणारा. घरातलं लाटणं, भोवरा, पाळण्याचे खांब, बुद्धिबळातली प्यादी, सगळी याच कामातली. जुने कारागीर जमिनीवर बसून धनुष्याच्या दोरीनं लाकूड फिरवायचे. ते एकदा पुढे फिरतं, एकदा मागे, आणि कापायचं फक्त एकाच दिशेला. आपल्याकडे तर मोटर आहे. त्यामुळे तक्रारीला फारशी जागा नाही!

आता सुरक्षा. हे कृपया पुढे ढकलू नका. फेस शील्ड हवीच. लांब केस बांधा. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, आयकार्डची दोरी, काही नको. हातमोजेही नकोत, फिरत्या लाकडात अडकले तर बोटासकट ओढतात. मास्क लावा, शिसवीसारख्या लाकडाची धूळ अनेकांना बाधते. आणि कानात इयरफोन नको. म्हणजे हा भागसुद्धा लेथवर उभं राहून ऐकू नका! लाकूड बोलतं. धार चांगली असेल तर सर्र आवाज येतो. टकटक ऐकू आली की थांबा, काहीतरी सुटलंय.

पॉलिश पेपर लावताना टूल रेस्ट काढून ठेवा. १५० पासून ६०० पर्यंत एकही पायरी गाळू नका, आणि प्रत्येक पेपरनंतर लेथ बंद करून लांबीच्या दिशेनंही घासा. नाहीतर गोल गोल ओरखडे पॉलिशनंतर चमकून दिसतात. सुरुवातीला फ्रिक्शन पॉलिश सोपं. त्यात साधारणपणे चपडा लाख असते. फिरत्या लाकडावर कागदी टिश्यूनं दाबायचं, उष्णतेनं ती बसते. कापड वापरू नका, ते गुंडाळलं जातं. शेवटी जोडताना फिरकी एकदम आत दाबू नका. थोडी दाबा, रिफिल घालून बघा, पुन्हा थोडी दाबा. जास्त गेली तर मागे येत नाही.

फणसाचं पुढे काय झालं? काकांनी अट घातली, आधी दहा पेनं टाकाऊ लाकडाची. मोडक्या सोफ्याचा पाय, बाभळीची फांदी, जे मिळेल ते. त्यातली चार मोडली, दोन अंडाकृती झाली, चार लिहिण्यालायक निघाली. मग फणस काढला. या वेळी सगळ्यात जास्त वेळ गोंदाला दिला. आत बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मगच बटण दाबलं.

आजी आता त्या पिवळ्याधमक पेननं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहिते. मी म्हटलं, आजी, फणसाचा हा रंग हळूहळू गडद होत जाईल. ती म्हणाली, “माझ्या हातात होईल तेवढा होऊ दे.” मामालाही त्याचं पेन मिळालं. दोन तुकडे माळ्यावर शिल्लक आहेत. घाई नाही.

तर मंडळी, तुमच्या घरी असं एखादं लाकूड असेल, पडलेल्या झाडाचं, जुन्या दाराचं, तर ते आज लेथवर चढवू नका. त्यावर नाव आणि तारीख लिहा, कोरड्या जागी ठेवा, आणि आधी दहा पेनं सरपणाची करा. अकरावं कसं झालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. बोटं सांभाळा!