येसराचे माप
(वेरूळ येथील रात्रीच्या वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)

आज आम्ही पाटी-पेन्सील घेऊन आलेलो नाही. आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत भाकरीविषयी, आमटीविषयी आणि केलेल्या प्रवासांविषयी. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, भाकरी तर आम्ही रोजच थापतो. ती काय वर्गात शिकायची?" थोडा धीर धरा. शेवटी आपण अक्षरांपाशीच येणार आहोत.

आपले गाव जगाला ठाऊक आहे. इथे ३४ लेणी आहेत. पहिली बारा बौद्धांची, पुढची सतरा हिंदूंची आणि शेवटची पाच जैनांची. १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत त्यांचे नाव लागले. घृष्णेश्वराच्या दर्शनाला चारी दिशांचे यात्रेकरू येतात. पण बाहेरचा माणूस संध्याकाळी गाडीत बसून निघून जातो. त्यानंतरचे वेरूळ आपले. घरोघरी भाकरी थापल्याचा आवाज येतो. तव्यावर भाकरी टम्म फुगते. वरचा पापुद्रा उचलून त्यात मीठ-तेल घालायचे, शेजारी मिरचीचा ठेचा, आणि वांग्याचे भरीत असेल तर विचारूच नका. हे सुख रोजचे आहे, म्हणून आपण त्याला सुख म्हणत नाही. घर सोडून चार दिवस परगावी गेले, की मग कळते.

आमचा पहिला मोठा प्रवास १९६७ सालचा. आम्ही तेव्हा नऊ वर्षांचे होतो. नाथषष्ठीला पैठणला जायचे ठरले. बैलगाडीने, बरं का! इथून पैठण सुमारे ८० किलोमीटर. आज दोन-तीन तासांत माणूस पोहोचतो. आम्हांला जाताना तीन मुक्काम पडले.

निघण्याच्या आदल्या रात्री आईने दशम्या केल्या. दशमी कशी करतात, हे इथल्या आयाबायांना सांगायला नको. पण पुरुषमंडळींनी ऐकावे. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक घालायची. गूळ दुधात विरघळवायचा आणि त्या दुधातच पीठ मळायचे. पाण्याचा थेंब लावायचा नाही. मग तेल किंवा तूप सोडून मंद आचेवर भाजायची. पाण्यात मळलेली भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. दशमी दोन-तीन दिवस मऊ राहते. आमच्या आईला शाळा माहीत नव्हती. पण वाटेवर किती दिवस लागतील आणि कोणते अन्न किती दिवस टिकेल, याचा हिशोब तिला पक्का ठाऊक होता.

खुलताबादचा घाट चढताना बैलांना धाप लागली. आम्ही सगळे खाली उतरून चालू लागलो. संध्याकाळी दौलताबादच्या किल्ल्याखाली गाडी सोडली. आईने फडके सोडले. दशमी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. समोर तो एवढा मोठा देवगिरी! पण खरे सांगतो, किल्ल्याचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते ते त्या दशमीच्या वासाबरोबरच. पैठणजवळ जायकवाडी धरणाचे काम चालू होते. त्याची पायाभरणी १९६५ साली झाली होती. गोदावरीच्या वाळवंटात गाड्याच गाड्या होत्या. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आम्हांला धपाटे दिले, आईने त्यांना आमच्या दशम्या दिल्या. नाव-गाव विचारण्याआधी शिदोरी बदलली. प्रवासात माणसे अशी जवळ येतात.

मंडळी, माणसेच नव्हे, आपल्या ताटातले अन्नसुद्धा प्रवासी आहे. ज्वारी फार प्राचीन काळी आफ्रिकेतून आपल्याकडे आली. मिरची आणि भुईमूग हे तर अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला. त्यानंतर पोर्तुगिजांच्या गलबतांतून मिरची आपल्याकडे आली. आता विचार करा. आपले कैलास लेणे कोरले गेले ८व्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात. डोंगर वरून खाली कोरत आणणाऱ्या त्या कारागिरांनी दुपारच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा कधीच खाल्ला नाही! त्यांच्या तिखटाला मिरे होते. मिरे आपल्या देशातले, मलबारकडचे. पुढे मिरची आली, तिला आपण नावही मिऱ्यांवरूनच दिले.

कैलास कोणी कोरविला हे आज आपल्याला कळते, कारण त्या राजांविषयी ताम्रपटावर लिहून ठेवलेले आहे. पण कारागिरांची भाकरी कोणी थापली, कालवण काय होते, ते कोणी लिहिले नाही. म्हणून ते गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता १९७२ सालचा दुष्काळ. तुमच्यापैकी जुन्या माणसांना तो आठवतो. आम्ही चौदा वर्षांचे होतो. विहिरी आटल्या. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. कामावर सुकडी मिळे. रेशनवर परदेशी मिलो मिळे, त्या तांबड्या ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नसे. घरात डाळ नव्हती, भाजी नव्हती. पण फळीवर एक बरणी होती. त्या बरणीत येसर होते.

येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे पीठ. आपल्या मराठवाड्यात लग्नकार्यात येसराची आमटी लागतेच. काकांच्या लग्नातले येसर उरले होते. आई रोज त्यातले दोन चमचे काढी, थंड पाण्यात कालवी आणि लसणाच्या फोडणीत सोडी. आधी पाण्यात कालवले नाही तर गुठळ्या होतात. उकळी आली की घरभर वास सुटे. त्या आमटीत कुस्करली की मिलोची भाकरीसुद्धा गोड लागे. एका बरणीवर आमच्या आईने कितीतरी दिवस काढले. तेव्हापासून येसराचा वास आला, की आम्हांला वाटते, आता उपाशी राहायचे नाही.

पुढे आम्ही मॅट्रिक झालो, मास्तर झालो, लग्न झाले. आईने आपल्या सुनेला येसर शिकविले. आई गेल्यावर तीच चव आमच्या कुटुंबाच्या हाताला आली. गावात कोणाचे लग्न निघाले, की बाया तिला बोलावीत. "काकू, येसर भाजायला या."

१९८४ साली आम्ही दोघे त्र्यंबकेश्वरला गेलो. त्या वेळी आपल्याकडची रेल्वे लहान रुळांची होती. मनमाडला उतरून नाशिकसाठी मोठ्या रुळांची गाडी धरावी लागे. मनमाडच्या फलाटावर बसून आम्ही धपाटे आणि लोणचे खाल्ले. त्र्यंबकला धर्मशाळेत उतरलो. रात्री पाऊस लागला. कुटुंबाने स्टोव्ह पेटवला आणि येसराची आमटी केली. वास सुटताच शेजारच्या खोलीतल्या बाई आल्या. त्या वऱ्हाडाकडच्या होत्या. त्यांनी आमटी चाखली आणि म्हणाल्या, "ताई, हे कसं करता ते मला सांगा." त्यांनी पिशवीतून वही काढली. आमचे कुटुंब सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. आम्ही शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

त्या गेल्यावर कुटुंब आम्हांला म्हणाले, "अहो, मलाही असं लिहिता आलं असतं, तर किती बरं झालं असतं!"

आणि आम्ही काय म्हणालो? आम्ही म्हणालो, "तुला काय गरज? तुझ्या तर हातातच आहे."

मंडळी, आम्ही चाळीस वर्षांच्या आसपास शिकविण्याचे काम केले. गावोगावची मुले आमच्या हाताखाली अ-आ-ई शिकली. पण आमच्या घरात चुलीपुढे बसलेल्या बाईला आम्ही तिचे नावसुद्धा लिहायला शिकविले नाही. शाळा सुटली, की आम्ही पेपर वाचीत असू आणि ती भाकरी करीत असे. दिवसाला दोन अक्षरे म्हटली, तरी एका महिन्यात काम झाले असते. दोष दुसऱ्या कोणाचा नाही. आमचाच आहे. हे आम्ही आज तुमच्यापुढे उघड सांगतो.

२०१९ साली ती गेली. फळीवर बरणी होती. तिच्यात येसर थोडे राहिले होते. आम्ही ते पुरवून पुरवून खाल्ले. मग एक दिवस बरणी रिकामी झाली. सूनबाईंनी आठवून आठवून नवे येसर केले. गुणी मुलगी आहे, मेहनत केली. पण आमटीला कडवट चव आली. दुसऱ्यांदा केले, पुन्हा तेच. तेव्हा आमच्या मनात आले, वऱ्हाडात कुठल्यातरी घरी एक जुनी वही असेल. तिच्यात आमच्या घरचे येसर लिहिलेले असेल. त्या घराचे नाव-गाव आम्हांला ठाऊक नाही.

आपल्या वर्गात एक आक्का येतात. त्या समोरच बसल्या आहेत. त्यांचे नाव घेतलेले त्यांना आवडायचे नाही, म्हणून घेत नाही. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. एक दिवस त्या घरी आल्या, येसराची चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "गुरुजी, यात गहू कुठंय? आन् मिरं-लवंगा करपल्यात. काकू ते कढई खाली उतरवल्यावर टाकायच्या. नुसत्या तावावर भाजायच्या."

आम्ही विचारले, "आणि माप?"

आक्का म्हणाल्या, "बाजरी एक मापटं. गहू एक चिपटं, हरभऱ्याची डाळ एक चिपटं, धनं एक चिपटं. लाल मिरच्या दोन मुठी, खोबऱ्याची एक वाटी. समदं येगयेगळं भाजायचं."

लग्नघरी काकूंच्या शेजारी बसून त्यांनी हे पाहिले होते. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, हे आजच्या मुलांना ठाऊक नाही. म्हणून आम्ही वाटीने मोजून घेतले. दोन वाट्या बाजरी, तर एकेक वाटी गहू, डाळ आणि धने. सूनबाईंनी त्याप्रमाणे केले. आम्ही पहिला घास घेतला. अगदी तीच चव आली, असे आम्ही म्हणणार नाही. तो हात गेला, तो काही परत यायचा नाही. पण वास तोच होता. आम्ही ताटावर बसून राहिलो. नातवाने विचारले, "आजोबा, तिखट लागलं का?" आम्ही म्हटले, "हो, थोडं तिखट लागलं."

यापुढची गोष्ट महत्त्वाची आहे. येसराची कृती आम्ही कागदावर उतरवायला बसलो, तेव्हा आक्का म्हणाल्या, "थांबा गुरुजी. तुम्ही नका लिहू. मी लिहिते." या वर्गात येऊन त्यांना चार महिने झाले होते. त्यांनी सबंध संध्याकाळ लावली. 'बाजरी' लिहिली. 'गहू' लिहिला. 'मापटं' लिहिताना दोनदा खोडले. खाली आपले नाव घातले. तो कागद आमच्या घरी बरणीच्या शेजारी भिंतीला लावलेला आहे. आमची सूनबाई वाचते, नात वाचते.

तर बंधू-भगिनींनो, आजचा अभ्यास असा. तुमच्या घरातले कोणी वडीलधारे माणूस असेल, त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याच्या हातचा एक पदार्थ विचारा. माप विचारा, आच किती ते विचारा. त्याने केलेला एक प्रवास विचारा. गाडी कोणती होती, शिदोरीत काय होते, वाटेत कोण भेटले. आणि चार ओळी लिहा. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर चुकू द्या. आम्ही लाल शाई घेऊन बसणार नाही.

आणि भगिनींनो, घरात कोणी म्हणाले, "तुला काय गरज?" तर त्याला आमची ही गोष्ट सांगा.

उद्या संध्याकाळी वह्या घेऊन या. आक्का सर्वांत आधी वाचून दाखवतील.