पाणी माणसामागं मोजा



माझ्या अगोदर बोलले ते शिकले-सवरलेले. मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत कंत्राटावर माल वाहतो, रात्री कविता लिहितो. गाव माण तालुक्यात. मला विषय दिलाय जिल्ह्याच्या उद्याच्या आराखड्याचा. २०४७ सालापर्यंत जिल्ह्यानं कुठं पोचायचं, रस्ते किती, दवाखाने किती, माणशी उत्पन्न किती, याचे कागद कचेऱ्यांत तयार होतायत. जीवनमान उंचावणार म्हणे. उंचावू दे. कुणाचं, एवढंच विचारायला मी उभा आहे.

गोदीत माल उतरतो तिथं टॅली क्लार्क वही घेऊन उभा असतो. पोत्यामागं पोतं मोजून घेतो. एक पोतं कमी पडलं की बोंबाबोंब. "सरासरीनं माल बरोबर आहे" असं सांगून तिथं कुणाची सुटका होत नाही. पण माणसं मोजायची वेळ आली की साहेब लोक सरासरी काढतात. पोत्याला जी किंमत आहे ती आमच्या माणसाला नाही.

सातारा आणि सांगली मुळात एक. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा काढला, १९६० ला त्याचं नाव सांगली ठेवलं. दोन्ही जिल्हे सधन म्हणून गाजलेले. साखर कारखाने आहेत, बँका आहेत, दूधसंघ आहेत, कॉलेजं आहेत. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, पृथ्वीराज चव्हाण, एकनाथ शिंदे. मुख्यमंत्र्यांचं तर पीकच आहे इथं. चांगलं ते चांगलंच म्हणू. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ ला काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. त्या पंगतीनं आमच्यातले कितीतरी शिकले. हे आपण विसरणार नाही.

पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, आणि माणात पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. काढा दोन्हींची सरासरी. येईल तीन हजार! कागदावर माण चिंब भिजला. गावात बाया मात्र टँकरची वाट बघत हंडे घेऊन रांगेत.

पाणी आणि आराखडा यांची गोष्ट इथं जुनी आहे. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलीय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात. साल १९०१. रामजी सुभेदार खटाव तालुक्यातल्या गोरेगावात रोखपालाच्या नोकरीला होते. तिथं सरकारनं दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तलाव खोदायला काढला होता. पोरं बापाला भेटायला निघाली. मसूर स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर गाडीवान बसवून घेईना. दुप्पट भाडं दिलं, गाडी पोरांनीच हाकली आणि गाडीवान पायी चालला. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, मिळालं नाही. बरोबर भाकरी होती, पण पाण्यावाचून खाता येईना. पोरं उपाशी झोपली.

नीट बघा या गोष्टीकडं. तलाव होता, सरकारचा खर्च होता, बाप त्याच कामाचा हिशेब ठेवत होता. म्हणजे नियोजन होतं. पण ते पाणी कुणाच्या घशात उतरायचं, हे नियोजनात नव्हतं. ते जातीनं अगोदरच ठरवून ठेवलं होतं. आज १९०१ चा टोलनाका नाही. पण पाणी कुणाचं हे अगोदर ठरवून मग तलाव बांधायची रीत गेली का?

आता जात शब्दानं सांगत नाहीत. आता सातबारा विचारतात. पाटाचं पाणी एकराप्रमाणं मिळतं. २००५ साली सिंचनासाठी पाणीवापर संस्थांचा कायदा झाला. सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. ज्याला जमीन नाही तो सभासद नाही. आणि जमीन का नाही? वतन गावकीच्या गुलामीचं होतं. ते मोडायला बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात बिल आणलं. १९५८ ला कायद्यानं वतनं गेली. गुलामी गेली ती बरीच झाली. पण जमिनी? कुणाची गहाण पडली, कुणाची दुसऱ्याच्या वहिवाटीत गेली, कुणाची वाटण्या होऊन गुंठ्यावर आली. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला आपली म्हातारी माणसं जमिनीसाठी तुरुंगात गेली. त्यांच्या नातवाला पाटकरी आज विचारतो, "गट नंबर काय तुझा?"

महाराष्ट्रात उसाखाली जमीन शंभरात चारच्या आसपास, आणि सिंचनाच्या पाण्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास वाटा तो एकटा पितो. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानं हे लिहून ठेवलंय. आणि ऊस तोडतो कोण? दिवाळी झाली की बीडकडून, जतकडून, माणातून गाड्या भरून माणसं येतात. उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसाचं नावसुद्धा नाही, कोयता! पाच-सहा महिने फडाच्या कडेला पालात राहतात. पोरं शाळेबाहेर. बायका अंधारात उठून बाहेर जातात. साखर याच जिल्ह्यात तयार होते, पण ती तयार करणारा माणूस या जिल्ह्याच्या जीवनमानात मोजला जात नाही. तो बाहेरचा. आपल्या गावच्या आराखड्यातही तो नसतो, कारण तो गावात नसतो. दोन्हीकडच्या वहीतून पोतं गायब!

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीनं पाणी गेलं. तहानलेल्याला पाणी दिलं, त्याला कोण वाईट म्हणेल? पण त्याच जिल्ह्यातला जत तालुका टँकरवर होता. जतच्या गावांनी तर ठराव केले होते, पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्या ठरावांवर बोट ठेवून गावांवर हक्क सांगितला, तेव्हा इथं खुर्च्या हलल्या आणि म्हैसाळच्या विस्तारित योजनेच्या फायली पळायला लागल्या. सीमा हलायची वेळ आली तेव्हा तहान ऐकू आली.

त्याच म्हैसाळचं नाव मार्च २०१७ मध्येही देशभर झालं. ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली दोन्हीकडं सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली नऊशेच्याही खाली. पैसा वाढला, बंगले वाढले, सोनोग्राफी आली आणि पोरी कमी झाल्या. म्हणून सांगतो, माणशी उत्पन्न म्हणजे जीवनमान नव्हे.

आणि वीज? कोयनेचं धरण साताऱ्यात. त्या विजेवर मुंबई झगमगली. ज्यांची घरं-जमिनी पाण्याखाली गेली त्यांनी ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही सोसला. पन्नास-साठ वर्षांनीसुद्धा ती माणसं पुनर्वसनासाठी ठिय्या मारून बसलेली या जिल्ह्यानं बघितली. माणसंही मुंबईलाच गेली. वाटेगावचे अण्णाभाऊ पायी चालत गेले.  माझा बाप गेला, मी गेलो. आम्ही कमावून पाठवतो ते पैसेही जिल्ह्याच्या समृद्धीत मोजत असतील.

आता आपल्या आतली गोष्ट. रागावू नका. आपण काय मागतो? समाजमंदिर. कमान. पेव्हर ब्लॉक. २०२३ च्या जूनमध्ये मिरज तालुक्यातल्या बेडगला बाबासाहेबांच्या नावाची, बांधकाम चालू असलेली कमान ग्रामपंचायतीनं पाडली. आपल्या माणसांनी घरांना कुलपं लावली आणि पोराबाळांसकट मुंबईची वाट धरली. त्यांना माझा सलाम. कमान विटांची नसते, इज्जतीची असते. पण मी विचारतो, ज्या ताकदीनं आपण कमानीसाठी चाललो तेवढ्याच ताकदीनं पाण्याच्या वाट्यासाठी कधी चाललो? डिसेंबर २०२० मध्ये सरकारनं ठरवलं, वस्त्यांची जातीवाचक नावं पुसायची. पाटी बदलली. पाटीखालच्या नळाला पाणी किती दिवसाआड येतं, ते कुणी लिहून घेतलं नाही.

कुणी म्हणेल, जमीन नाही त्याला पाणी कशाला? ते पाणी काय डोक्यावर ओतून घेणार?

त्याचं उत्तर याच मातीत आहे. १९८० नंतरच्या दशकात, सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर बळवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीतून बळीराजा धरण बांधलं. नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी त्याला विरोध केला आणि थोडी वाळू विकून धरणाला पैसा उभा केला. आणि पाणी कसं वाटायचं ठरवलं? एकरामागं नाही, घरामागं. भूमिहीनालाही वाटा. ज्याला रान नाही त्यानं दुसऱ्याचं रान वाट्यानं करावं. एकाची जमीन, दुसऱ्याचं पाणी. मग मालकापुढं हात पसरायचा नाही, बरोबरीनं बसून बोलायचं. पुढं १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं. मागणी एक, समन्यायी पाणीवाटप. टेंभू, ताकारी, म्हैसाळचं पाणी वर चढलं त्यात या लढ्याचा घाम आहे.

दुष्काळी शेतकरी, मग तो मराठा असो नाहीतर धनगर, आपला शत्रू नाही. टँकरच्या रांगेत तोही उभा होता. पण पाइप येईपर्यंत त्याला माणुसकी आठवते आणि पाइप आला की एकर आठवतात. त्याला परिषदेतला शब्द आठवून द्यायचं काम आपलं. आपण मोर्च्यात नसू तर वाटपातही नसू.

कायदा काय म्हणतो तेही पाठ करा. १९९३ च्या १ जूनला ७४ वी घटनादुरुस्ती लागू झाली. कलम २४३-झेडडी. प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती पाहिजे. तिचे किमान चार पंचमांश सभासद जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतल्या निवडून आलेल्यांनी आपल्यातून निवडलेले पाहिजेत. आणि विकासाचा आराखडा करताना कशाचा विचार करायचा? कलमात शब्दच आहे, पाणी आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी. फक्त बांधणी नाही, वाटणी! ही भीक नाही, घटनेतलं वाक्य आहे. महाराष्ट्रानं त्याप्रमाणं १९९८ ला कायदा केला. पण २०२२ ला जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासक बसला. जिल्ह्याच्या पंचवीस वर्षांचं ठरवायचं, आणि ठरवणारी माणसं निवडायचीच नाहीत. हे कुठलं नियोजन?

आपली मागणी साधी आहे. आराखड्यात जिल्ह्याची सरासरी नको. तालुका, गाव, वस्ती आणि घर वेगळं दाखवा. आमच्या वस्तीत माणशी किती लिटर पाणी, कितव्या दिवशी, तो आकडा द्या. उपसा सिंचनाच्या पाण्यात भूमिहीन घराला, आणि एकट्या बाईच्या घरालाही, तिच्या नावानं वाटा लिहा. ऊसतोड्याला तो राहतो तेवढे महिने जिल्ह्याचा रहिवासी धरा. पाणी, संडास, शाळा, दवाखाना त्याच्या पालापाशी न्या. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिजे. साताऱ्यात आपण शंभरात अकराच्या आसपास, सांगलीत बाराच्या वर. तो कुठल्या वस्तीत, कुठल्या कामावर गेला याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

आणि हे कुणी आणून देणार नाही. गावी गेलात की पहिलं काम करा. वही घ्या. आपल्या वस्तीतलं घर आन् घर मोजा. जमीन किती, नळ आहे का, पाणी कधी, मुंबईला किती, फडावर किती. बाया सांगतील ते अगोदर लिहा, कारण हंडा त्यांच्या डोक्यावर आहे. मग ती वही घेऊन ग्रामसभेत उभे राहा आणि ठरावात लिहून घ्या. लिहून घेतल्याशिवाय उठू नका. त्यांचा आराखडा २०४७ चा असेल, आपली वही येत्या उन्हाळ्याच्या आत भरली पाहिजे.

जयभीम.