तडजोडीआधी कारण विचारा



विमान पाच-सहा तास उशिरा सुटते किंवा रद्दच होते, प्रवाशाचे पुढचे काम बुडते, आणि काही दिवसांनी विमान कंपनीचा निरोप येतो: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, अमुक रक्कम किंवा तेवढ्याचे व्हाउचर स्वीकारावे आणि प्रकरण मिटले असे समजावे. हा निरोप स्वीकारावा की नाकारावा, हा आजचा विषय आहे. आपल्याकडे हा निर्णय बहुधा रकमेकडे पाहून होतो. पाच हजार म्हटले की ‘मिळतात ते घ्या’, पाचशे म्हटले की संताप. माझे म्हणणे असे आहे की रक्कम ही शेवटी पाहण्याची गोष्ट आहे. त्याआधी दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. देऊ केलेल्या पैशांत आपल्याच हक्काचे किती आहेत, ही पहिली. उशीर नेमका कशामुळे झाला, ही दुसरी. या दोन प्रश्नांची उत्तरे हातात नसताना केलेली तडजोड आंधळी असते, मग रक्कम मोठी असो वा लहान. जमीन घेताना आपण सातबारा आणि चतुःसीमा पाहिल्याशिवाय भावाची बोलणी करत नाही. इथे मात्र थेट भावापासून सुरुवात होते.

ताजे उदाहरण डिसेंबर २०२५ चे आहे. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या वेळांचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पुढच्या टप्प्यात लागू झाले होते. त्याची पुरेशी तयारी न झाल्याने देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचे, इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. ५ डिसेंबरला एकाच दिवसात हजारावर उड्डाणे रद्द झाली. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर माणसे सामानावर डोके टेकून झोपली. ११ डिसेंबरला कंपनीने जाहीर केले की ३, ४ आणि ५ तारखेला ज्यांना फार त्रास झाला त्यांना १०,००० रुपयांची व्हाउचर दिली जातील आणि ती बारा महिने चालतील. त्याच निवेदनात एक महत्त्वाचे वाक्य होते: नियमाप्रमाणे देय असलेली ५,००० ते १०,००० रुपयांची भरपाई या व्हाउचरखेरीज वेगळी मिळेल. म्हणजे तिकिटाचा परतावा, नियमाची भरपाई आणि कंपनीने आपणहून दिलेली रक्कम अशा तीन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवल्या होत्या. देशभर ओरड झाली, सरकारने लक्ष घातले, म्हणून ही फोड इतकी स्वच्छ झाली. एरवी एकट्या प्रवाशाला जो निरोप येतो त्यात या तिन्हींची सरमिसळ असू शकते, आणि आपलाच परतावा आपल्याला उदारपणा म्हणून दाखवला जाऊ शकतो.

तेव्हा आधी नियम काय देतो ते पाहू. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, या विषयावरचा नियम २०१० पासून आहे आणि त्यात वेळोवेळी बदल झाले आहेत. उड्डाण रद्द झाल्याची सूचना वेळेवर दिली नाही, तर परतावा किंवा पर्यायी विमान देऊन वर भरपाईही द्यावी लागते: एक तासापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला ७,५००, त्याहून लांबच्या प्रवासाला १०,०००. मात्र ही रक्कम, किंवा एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल तेच मिळते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबईचे स्वस्तातले तिकीट काढलेल्या माणसाच्या हाती पूर्ण पाच हजारही पडणार नाहीत, ते यामुळे. आणखी एक बारीक अट आहे. आरक्षण करताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर भरपाई मिळत नाही. आपल्याकडे तिकीट एजंटाकडून काढण्याची पद्धत अजून आहे आणि एजंट पुष्कळदा स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो. तो आग्रहाने बदलून घ्यावा.

उशिराची गोष्ट याहून वेगळी आहे आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. उड्डाण रद्द न होता नुसते रखडले, तर हा नियम खाणे-पिणे देतो. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांतले एक निवडण्याची मुभा देतो. चोवीस तासांवर उशीर असेल, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचे विमान सहा तासांपेक्षा जास्त रखडले, तर हॉटेलची सोय देतो. रोख भरपाई देत नाही. त्यामुळे ‘नियमात काही बसत नाही, तरीही आम्ही दोन हजार देत आहोत’ असे कंपनी म्हणाली तर ते खोटे नसते, पण अर्धेच असते. डीजीसीएचा नियम म्हणजे सगळा कायदा नव्हे. १९७२ चा हवाई वाहतूक कायदा आहे, त्याला २००९ पासून जोडलेला माँट्रियल करार आहे आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. माँट्रियल कराराच्या १९ व्या कलमाप्रमाणे उशिरामुळे झालेल्या नुकसानीला वाहक जबाबदार असतो. सुटका हवी असेल तर शक्य ते सगळे उपाय केले होते, किंवा ते करणे अशक्यच होते, हे त्याने सिद्ध करायचे असते. आंतरराष्ट्रीय प्रवासातल्या उशिरासाठी करारातली कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून ६,३०३ विशेष आहरण हक्क (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे ढोबळ मानाने सात लाख रुपये आहे. ही मर्यादा आहे, बक्षीस नव्हे; नुकसान पुराव्यानिशी दाखवावे लागते आणि दंडात्मक भरपाई या करारात नाही. देशांतर्गत प्रवासाच्या मर्यादा याहून पुष्कळ खाली आहेत. पण दोन हजारांचा देकार कशाशी ताडून पाहायचा, ते यातून कळते.

आता कारणाचा प्रश्न. माझ्या मते सगळ्या विषयाचा कणा हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत. पहिला इंटरग्लोब एव्हिएशन विरुद्ध एन. सच्चिदानंद, जुलै २०११ चा. डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीहून हैदराबादला जाणारे विमान धुक्यामुळे कित्येक तास अडकले. हैदराबादच्या कायमस्वरूपी लोकअदालतीने प्रवाशाला १०,००० रुपये भरपाई दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. धुके आणि हवाई नियंत्रण कक्षाची परवानगी कंपनीच्या हाती नव्हती, म्हणून केवळ उशीर ही सेवेतली त्रुटी ठरत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. पण अडकलेल्या प्रवाशांची किमान काळजी घेण्याच्या कर्तव्यातून स्वस्त दराची कंपनीही सुटत नाही, हेही त्याच निकालात आहे. दुसरा निकाल सप्टेंबर २०२१ चा, रेल्वेचा. जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचली आणि संजय शुक्ला यांचे श्रीनगरचे विमान चुकले. टॅक्सीचे १५,०००, आरक्षणाचे १०,००० आणि मनस्ताप व दावा खर्चाचे प्रत्येकी ५,००० रुपये त्यांना मिळाले, ते रेल्वेला उशिराचे कारणच सांगता आले नाही म्हणून. उशीर आपल्या आवाक्याबाहेरचा होता हे वाहकाने दाखवायचे असते, प्रवाशाने नव्हे. दोन्ही निकालांत उशीर झालाच होता. निकाल फिरला तो कारणावर. म्हणून ‘ऑपरेशनल कारणास्तव’ या दोन शब्दांवर समाधान मानू नये. धुके होते की वैमानिक कमी पडले, धावपट्टी बंद होती की आधीच्या फेरीचे विमानच उशिरा आले, हे लेखी विचारावे. खरोखर हवामानाचे कारण असेल तर कंपनी ते सांगते, आणि मग मिळेल ती रक्कम घेऊन प्रकरण मनातूनही काढून टाकणे शहाणपणाचे. कारण सांगण्याची टाळाटाळ झाली, तर आपली बाजू बळकट आहे असे समजायला हरकत नाही.

व्हाउचरविषयी माझे मत कडक आहे. व्हाउचर म्हणजे प्रवाशाने कंपनीला दिलेले बिनव्याजी कर्ज. जेट एअरवेजची विमाने १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि ज्यांचे पैसे त्या कंपनीकडे जमा होते ते प्रवासी येणेकऱ्यांच्या लांब रांगेत बँकांच्या मागे जाऊन उभे राहिले. कोरोनाच्या टाळेबंदीत तिकिटांचे पैसे ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहून, अडकले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२० मध्ये त्यावर वाढीव रक्कम आणि मुदत ठरवून द्यावी लागली. परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचे, कंपनीने परस्पर नव्हे, हे डीजीसीएच्या नियमात स्पष्ट आहे. युरोपीय संघात तर प्रवाशाची सही असल्याशिवाय भरपाईपोटी व्हाउचर देताच येत नाही. फ्रँकफर्टहून घरी येणाऱ्या आपल्या मुलाबाळांनी हे ध्यानात ठेवावे. तेव्हा नुकसानीपोटी रोखच मागावी; व्हाउचर घ्यायचे ते वर मिळालेली भर म्हणून, आणि वर्षभरात त्याच कंपनीने जाणार असाल तरच.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा आहे: चार हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? ग्राहक आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जाऊ शकतात, हे मी नाकारत नाही. पण तक्रार करणे आपण समजतो तितके अवघड राहिलेले नाही. नव्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने ग्राहकाला जिथे तो राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय गुडगावला असले तरी सुनावणी कोल्हापूरच्या जिल्हा आयोगापुढे होते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. त्याच्याही आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि ‘एअरसेवा’ पोर्टल आहे. सहा जिल्ह्यांच्या लोकांना मुंबईला खेटे घालावे लागू नयेत म्हणून आपल्या कोल्हापूरने उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी अनेक दशके आंदोलन केले आणि १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंचचे काम इथे सुरू झाले. न्याय घराजवळ हवा, असे म्हणणाऱ्या गावाने घराजवळ असलेला आयोग न वापरणे मला पटत नाही. शिवाय मुदत दोन वर्षांची आहे. ‘सात दिवसांत स्वीकारा’ ही कंपनीने घातलेली मुदत असते, कायद्याची नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विमानाचा उशीर ही काही प्रवाशांना कमाईची संधी वाटू लागली आहे, आणि ओझे शेवटी सगळ्यांच्या तिकिटावर पडते, असे म्हणतात. यातले पहिले वाक्य अगदीच निराधार नाही. तीन तास बसावे लागले म्हणून लाखाची मागणी करणारी तक्रार आयोगाचा वेळ खाते आणि खऱ्या तक्रारदाराला मागे ढकलते. म्हणून आपले नुकसान प्रामाणिकपणे मांडावे: बुडालेले हॉटेल, नव्याने काढलेले तिकीट, टॅक्सी, या सगळ्यांच्या पावत्या. कोल्हापूरहून मुंबई आणि मुंबईहून परदेश अशी दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरे चुकल्याचे सगळे ओझे पहिल्या कंपनीवर टाकणे कठीण जाते. एकाच तिकिटावरचा प्रवास असेल तर बाजू पुष्कळ भक्कम. प्रामाणिक हिशेब हजार-दोन हजारांचा निघाला आणि कंपनी जवळपास तेवढे रोख देत असेल, तर जरूर घ्यावे. दुसऱ्या वाक्याचे उत्तर मात्र सरळ आहे. उशिराचा खर्च आजही कोणीतरी भरतोच. तो प्रवासी गुपचूप भरतो म्हणून कुठल्याच हिशेबात दिसत नाही. तो कंपनीच्या वहीत आला, तरच पुरेसे वैमानिक आणि राखीव विमान ठेवणे तिला परवडू लागेल.

राहिली सही. ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कागदावर किंवा ई-मेलला होकार दिला की पुढची वाट अरुंद होते. अजमेर सिंग कॉटन मिल्सच्या विमा प्रकरणात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की नुसत्या सहीने ग्राहकाची तक्रार संपत नाही. पण ती सही फसवणुकीने, दिशाभूल करून किंवा दबावाने घेतली हे दाखवण्याची जबाबदारी मग सही करणाऱ्यावर येते. घरी बसून, चहा घेत, मोबाइलवर ‘मान्य’ दाबलेल्या माणसाला ते दाखवणे जवळपास अशक्य. त्यापेक्षा उत्तरात लिहावे की परतावा आणि नियमातली भरपाई माझ्या हक्काची म्हणून स्वीकारत आहे. उरलेल्या नुकसानीचा हक्क राखून ठेवला आहे. उशिराचे कारण पंधरा दिवसांत लेखी कळवावे. ही तीन वाक्ये मराठीत लिहिली तरी चालतात. आणि आपण सर्वांनी मिळून डीजीसीएकडे मागावी अशी एक गोष्ट आहे. युरोपच्या न्यायालयाने २००९ मध्येच तीन तासांवरच्या उशिराला रद्द उड्डाणासारखी भरपाई लागू केली, आणि त्याआधी वर्षभर, नेहमीचा तांत्रिक बिघाड ही असाधारण परिस्थिती नव्हे असेही ठरवले. आपल्या नियमात उशिराला अजून रोख भरपाई नाही. तिथे रकमेचा तक्ता यावा, आणि प्रत्येक मोठ्या उशिराचे कारण कंपनीने प्रवाशाला न मागता लेखी द्यावे.