मडगार्ड नसेल तर पुढे बोलू नका

पत्रिकेवर विषय छापला होता ‘कामावर जाण्यासाठी सायकल कोणती?’ पुण्यात सायकलीचा इतिहास सांगण्यात हशील नाही, असे म्हणून वक्त्यांनी तो भाग गाळला आणि पाण्याचा पहिला घोट घेण्याआधीच निकाल दिला: सायकल गिअर मोजून नव्हे, मडगार्ड बघून घ्यावी.

सभागृहात हशा पिकला. वक्त्यांना तो रुचला नसावा. ते तडक फळ्याकडे वळले. 21 गिअरच्या सायकलीला पुढे 28, 38 आणि 48 दातांची तीन चक्रे, मागे 14 ते 28 दातांची सात, असा जोड बऱ्याचदा दिसतो. पुढचे 28 आणि मागचे 14 घ्या. पायडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरते. पुढचे 48, मागचे 24 घ्या, तरी दोनदाच! म्हणजे 21 मधले काही गिअर नुसती नक्कल. डेक्कनहून शिवाजीनगरला जाणाऱ्याला मागची सात चक्रे पुष्कळ झाली. चांदणी चौकाचा चढ रोज चढणाऱ्याला मात्र पुढचे लहान चक्र लागेल, हे त्यांनी जरा नाखुशीनेच मान्य केले.

मडगार्ड नसले की मागचे चाक पाठीवर चिखलाची रेघ ओढते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पुढचे चाक बूट भिजवते आणि चेनवर चिखल उडवते, तिकडे कुणी पाहत नाही. म्हणून पुढच्या मडगार्डला खाली रबरी फ्लॅप हवा आणि चेनला पूर्ण कव्हर. मग पँटला क्लिप नको.

क्लिपचे नाव निघाले आणि व्याख्यान जुन्या आठवणींत घसरले. डबलसीट, सायकलच्या कराचा बिल्ला, दिवा नसला की चाकातली हवा सोडणारे पोलीस! डायनॅमोचा दिवा चढावर मिणमिणायचा, थांबले की विझायचा, आणि पोलीस नेमका थांबायच्या जागीच उभा. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनी आपापले किस्से जागेवरूनच जोडले. मागून एका तरुणाने विचारले, सायकल ट्रॅकचे काय? ‘आजचा विषय सायकल आहे, महापालिका नव्हे,’ वक्ते म्हणाले. टाळ्या पडल्या, पण उत्तर राहिलेच.

तेवढ्यात आयोजकांची चिठ्ठी आली. उरलेले सगळे धावत झाले. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर टेकवली की गुडघा सरळ व्हावा. टायर दीड-पावणेदोन इंची, कमी नक्षीचा. खाचाखोचांचा जाड टायर डांबरावर नुसता घरघरतो. स्वस्तातला शॉकअॅब्सॉर्बर म्हणजे फुकटचे वजन. ई-सायकलची मोटर 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तर नोंदणी लागत नाही.

आणि दुकानात जाताना रोजची बॅग डब्यासकट भरून न्या. कॅरिअरवर बांधा, सायकल स्टँडवर लावा. कलंडली तर दुसरी दाखवायला सांगा.